बाईंची फुगडी

"बाई, तुम्ही घूर्णन गती कशी शिकवायचात?"

हर्डीकरबाई अंगणात अबोलीचा गजरा करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू कशी शिकवलीस?"

निरंजन त्यांचा जुना विद्यार्थी. आता शहरातल्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा नवा प्राध्यापक. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

"व्याख्या दिल्या, सूत्रं सिद्ध केली, पडद्यावर फिरती चाकं दाखवली. एक अक्षर चुकलं नाही."

"मग?"

"काल वर्ग दगडासारखा बसून होता. उद्याही तसंच झालं तर नोकरी सोडतो, बाई."

बाईंनी गजऱ्यात आणखी एक फूल गुंफलं.

"अकरावीत आम्हाला तुम्ही मैदानात नेलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणालात, जोड्या करा, फुगडी घाला. आम्ही मुलगे लाजून मेलो होतो. मग कुणाची चप्पल उडाली, कुणी मातीत आपटलं... आणि सगळे एकदम प्रश्न विचारायला लागले. घंटा झाली तरी कुणी हलेना."

त्याने मान हलवली. "तसा तास पुन्हा नाही बघितला."

"मग घाल की फुगडी."

"आता शोभतं का ते? प्राध्यापक आहे मी."

बाईंनी गजरा बाजूला ठेवला. पदर खोचला. हात पुढे केले.

"ये."

"बाई, या वयात..."

"ये म्हटलं ना."

त्याने हात धरले. किती बारीक झाले होते ते! बाईंनी पावलाला पाऊल लावलं आणि मागे रेलल्या. निरंजन खांबासारखा उभा. एक गिरकी पुरी होते न होते तोच बाईंचा तोल गेला. त्याने घाईघाईने सावरलं.

"म्हणत नव्हतो? तुम्ही पडाल म्हणून मी जपून उभा होतो."

"म्हणूनच पडत होते. तूही रेल मागे."

तो भीतभीत रेलला.

हात ताणले गेले. अंगण फिरू लागलं. तुळस, पेरू, विहिरीचा रहाट, पुन्हा तुळस... निरंजनची चप्पल उडून पेरूखाली पडली. तो अकरावीत हसला होता तसा खदखदून हसला. बाईही हसल्या.

थांबले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. निरंजनने डोळे पुसले.

"बाई, माझा तास कुठे चुकला?"

बाईंनी गजरा पुन्हा हातात घेतला.

"काल वर्गात कुणाला जपत उभा होतास रे?"