मालक पेपरात बोलतो

“मग तुम्ही का बोलत नाही, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती ते फावड्यानं उलथत होते. वय चौऱ्याऐंशी. दोन फावडी मारायची, दांड्यावर टेकायचं, पुन्हा दोन मारायची.

शालन चिले उंबऱ्याबाहेर उभी होती. तालमीत बाईमाणसानं पाय टाकायचा नाही, हा पेठेतला जुना रिवाज. पाय बाहेर ठेवला तरी आवाज आत जायचा काही राहत नव्हता. खानावळीत पहाटेपासून दीडशे भाकऱ्या थापून ती तशीच आली होती. कोपरापर्यंत पीठ, आणि काखेत पेपर.

“तुम्हालाच विचारतेय. ऐकू येतंय न्हवं?”

“येतंय.”

“मग हे बी ऐका.” तिनं पेपर उघडला. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण फुटबॉलचं पान ती घडाघडा वाचायची. “‘आमच्या तोडीचा संघ पुढच्या वर्षी देशात सापडणार नाही. समोरच्यांनी आत्ताच हार मानावी.’ हे कोण म्हणतंय, तर आपला मालक. धैर्यशील शेठ. शेजारी फोटो, गॉगल घालून.”

“हं.”

“सहा सामने झाले, सहा हरलो. रविवारी पाच गोल खाल्ले. अन् हा देश जिंकायला निघालाय.”

वस्तादांनी एक ढेकूळ उचललं, चिमटीत फोडलं, खाली सोडलं.

या तालमीचा फुटबॉल संघ त्यांनीच उभा केला होता. पन्नास वर्षांपूर्वी, कुस्ती सुटलेली पोरं गोळा करून. तेव्हा संघाला मालक नव्हता. पेठ होती. दोन वर्षांपूर्वी शेठ आला, जर्सीवर आपलं नाव घालून घेतलं आणि दर आठवड्याला पेपरात बोलायला लागला.

“त्याचं काय जातंय बोलायला?” शालन म्हणाली. “ऐकून घ्यावं लागतं आम्हाला. काल मंडईत त्या पलीकडच्या पेठेतला कांदेवाला म्हणतो, ‘काय वैनी, देश जिंकून आलासा? का वाटेत जेवायला थांबलासा?’ सगळी मंडई हसली. मी कांदे तिथंच ओतले अन् आले.”

“कांदे चांगले होते?”

“वस्ताद, थट्टा नको.”

“बरं.”

ते हौद्यातून बाहेर आले. उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसले, काठी बाजूला ठेवली. शालन उभीच. तिच्या सावलीत त्यांना जरा बरं वाटलं असावं, त्यांनी डोळे मिटले.

“दिनकर बी बढाया मारायचा,” ते डोळे न उघडता म्हणाले.

दिनकर तिचा नवरा. जाऊन तीन वर्षं झाली होती.

“मारायचा. खोटं कशाला बोलू? शून्य-चार असताना ओरडायचा, ‘आता बघा, आता फिरतोय सामना.’ पण शेवटची शिट्टी होईतवर जागचा हलायचा नाही. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला, मी मीठपाणी द्यायची.” ती थांबली. “हा मालक हाफटायमाला उठतो. गाडीत जाऊन बसतो, काच वर करून.”

वस्तादांनी डोळे उघडले.

“माणसं लाजेनं यायची बंद झाली, वस्ताद. अख्खी पेठ असायची त्या स्टँडात. ढोल, हलगी, पाय ठेवायला वाव नाही. आता मी असते, अन् वरच्या पायरीवर दोन म्हातारे, ते बी उन्हाला बसल्यासारखे. गोल झाला तर कुणाकडं बघायचं तेच कळत नाही.”

हे तिला बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

वस्तादांनी काठी उचलून मांडीवर घेतली. “बस.”

“बसायला नाही आले. तुम्ही पेपरात एक शब्द बोला. ‘शेठ, तोंड आवर,’ एवढंच. तुमच्या शब्दाला पेठेत अजून मान आहे. माणसं परत येतील. नाही बोललात तर आज चारच्या सामन्याला मी जायची नाही. आजच नाही, पुन्हा कधीच नाही. पंचवीस वर्षं झाली, पुरे झालं.”

वस्तादांनी शेजारची पायरी हातानं थोपटली.

शालन थोडा वेळ उभी राहिली. मग बसली. पायरी गार होती. सकाळपासून आता कुठं ती टेकत होती.

“तू कुठं बसतीस मैदानात?” वस्तादांनी विचारलं.

“कुठं म्हणजे? तिथंच. खांबाजवळ.”

“एका बाजूला खांब.”

“हो.”

“दुसऱ्या बाजूला?”

“त्यांची जागा.”

“तिथं कोण बसतंय?”

“कोण बसेल? मी पिशवी ठेवते. बसू देत नाही कुणाला.”

“कुणी आलं होतं बसायला?”

शालननं पेपराची घडी घातली. परत उलगडली.

“रविवारी एक बाई आली. कधी बघितली नव्हती. माझ्याच वयाची, एकटी, गळ्यात आपल्या संघाचा रुमाल. ‘इथं बसू का,’ म्हणाली. मी म्हटलं, अख्खा स्टँड मोकळा पडलाय, तिकडं बस.”

“मग बसली?”

शालननं कोपरावरचं पीठ पदरानं पुसलं.

“कुठं बसली ती?”

“बाईमाणूस एकटी त्या मोकळ्या स्टँडात कशी बसेल?” शालन खाली बघून म्हणाली. “दोन गोल होईतवर कठड्यापाशी उभी होती. मग दिसली नाही.”

तालमीच्या कौलावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. वस्ताद तिकडंच बघत बसले. शालननं पेपर फटकन गुडघ्यावर आपटला.

“ते जाऊ द्या. मी त्या मालकाचं सांगत होते. त्याची खालची ओळ तर ऐका. ‘पुढच्या वर्षी आमच्या स्टँडात बसायला जागा मिळणार नाही.’ आहे का लाज? सांगा तुम्ही, एवढं धडधडीत खोटं…”

वस्ताद काठीवर जोर देऊन उठले. फावड्याकडं वळले.

“पुढचं वर्ष लांब राहिलं, पोरी. त्या बाईला याच वर्षी न्हाई मिळाली.”