हवेतून आलेली मोहोर

महाराज गर्जनरावांनी आमटीचा भुरका मारला आणि वाटी भिरकावली.

"अळणी!"

आचारी वाटी उचलत म्हणाला, "महाराज, मीठ लवणपुराहून येतं, आणि लवणपुराशी आपली बंदी आहे. राज्यात आता मिठाचा खडा नाही."

बंदी महाराजांनीच घातली होती. लवणपूरच्या राजानं एका लग्नात त्यांना चार बोटं ठेंगणी खुर्ची दिली, एवढंच कारण! तिकडचा माणूस इकडे नको, इकडचा तिकडे नको, तिकडचा कागद तर मुळीच नको. तीन महिने नदीच्या पुलावर चिटपाखरू फिरकलं नाही. पुलाजवळच्या जकात नाक्यावर हळदीच्या पोत्यांना कीड लागली, हमालांच्या चुली थंडावल्या. तेव्हा महाराजांना काही वाटलं नाही. आमटी अळणी झाली आणि राज्यावर संकट आलं!

"बंदी उठवली तर हसं होईल," प्रधान तिमाजीपंत म्हणाले. "नाक्यावरच्या लोकांनाच सांगा, बंदी न मोडता मीठ आणा म्हणावं. आणि दाखल्याचा नियमही पाळा. माल कुणाचा, किती, हे सांगणारा, तिकडची मोहोर उठवलेला दाखला असल्याशिवाय एक पोतं आत यायचं नाही!"

नाक्यावरून हौसाला बोलावणं आलं. ती तिथला वजनकाटा सांभाळायची.

"आठ दिवसांत चाळीस पोती!" महाराज गरजले. "नाहीतर नाका बंद आणि तुम्ही सगळे घरी!"

"माणूस नको, कागद नको, पण मोहोर हवी," हौसा म्हणाली. "म्हणजे डोळे मिटायचे आणि अक्षरं वाचायची!"

"जमत नाही म्हणतेस?"

"जमेल, महाराज. हुकूम सोडायला घसा लागतो, पाळायला डोकं. आमच्याकडे ते आहे."

तिमाजीपंतांनी नाक मुरडलं. हौसा नाक्यावर परतली आणि तिनं लवणपूरच्या मिठागरवाल्या इब्राहिमभाईंना फोन लावला.

"भाई, चाळीस पोती मीठ द्या. बदल्यात हळद."

"देतो गं, पण दाखला कसा पाठवू? तुमचे शिपाई कागद बघितला की जाळतात!"

"कागद हवाय कुणाला? तुमच्या नाक्यावर संगणक आहे ना? त्यावरच दाखला करा, डिजिटल मोहोर उठवा आणि माझ्या फोनवर धाडा."

घटकाभरात दाखला आला. हौसानं तो तपासला. फोनवर हिरवी खूण उमटली : मोहोर खरी.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या मध्यावर चुन्याची रेघ ओढली. तिकडच्या ट्रॅक्टरनं ट्रॉली मागं ढकलली. ट्रॉलीची शेपटी रेघेच्या अलीकडे आली, ड्रायव्हर पलीकडेच राहिला. इकडच्या हमालांनी मीठ उतरवलं आणि रिकाम्या ट्रॉलीत हळद भरली. तीन महिन्यांनी ओझं उचलताना म्हातारा भिकोबा हमाल रडायलाच लागला.

मीठ दरबारात पोचलं तसे तिमाजीपंत उसळले, "फोनवरचा दाखला! असला तर कुणीही बनवील!"

"बनवा की," हौसानं फोन पुढं केला.

पंतांनी झरझर बोटं चालवली आणि चाळीस पोत्यांची चारशे केली. फोन किंचाळला. लाल अक्षरं झळकली : दाखल्यात फेरफार!

"हात भलताच सराईत आहे हो, पंत!" हौसा म्हणाली. "कागद असता तर खपून गेलं असतं!"

दरबार खो खो हसला. पंतांचे कान लाल झाले.

"पण शत्रूची मोहोर आमच्या राज्यात शिरलीच ना!" महाराज ताडकन उठले.

"शिरली, पण हवेतून. तुमचा हुकूम माणसाला आणि कागदाला होता. हवेला नाक्यावर अडवायचं असेल तर शिपाई नेमा. मी काट्यावर वजन करून देईन!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं. मग ते सिंहासनाचा हात धरून मोठमोठ्यानं हसू लागले.

"जिंकलीस! बोल, बक्षीस काय हवं? बंदी उठवू?"

"छे, छे! राहू द्या!" हौसा घाईनं म्हणाली. "बंदी होती म्हणून तर पुलावर एकही अधिकारी फिरकला नाही. चाळीस पोती दोन तासांत उतरली! बंदी उठली की पंत शिक्के घेऊन येतील, आणि शिक्क्यांची वाट बघत मीठ पुढच्या पावसात विरघळून जाईल!"

महाराज डोळे पुसत हसले, आणि तिथल्या तिथे त्यांनी अख्खा नाका हौसाच्या हाती दिला.