भिंगरीखालची बुचं

"मग खोट घातली कुणी, उस्ताद?"

श्रीनंद केळुसकर तिसऱ्यांदा विचारत होता.

दस्तगीर उस्ताद चहा गाळत होते. मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत त्यांची दुरुस्तीची एक खोली. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि गेली पंचवीस वर्षं व्हिडिओ गेमची यंत्रं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. श्रीनंद याच बाकड्यावर शिकला. आता तो पुण्याच्या एका कंपनीत यंत्रांची रचना करणारा मोठा साहेब होता, आणि बाकडं त्याला जरा बुटकं वाटत होतं.

त्याच्या कंपनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र 'भिंगरी' घरोघरी पोचलं होतं. 'भिंगरी-दोन' मात्र डाव ऐन रंगात आला की बंद पडायची. दिवाळीला नेलेली यंत्रं संक्रांतीला दुकानात परत. दुकानदार खोकं बघूनच हात जोडत, आणि खेळ बनवणारी मंडळी एकेक करून दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊन बसली होती.

"रचनेत चूक असेल," उस्ताद म्हणाले.

"रचना माझी आहे."

"हं..."

उस्तादांनी फळीकडे मान वळवली. तिथे निरनिराळ्या कंपन्यांची मेलेली यंत्रं धूळ खात पडली होती. एक तापून मेलेलं. एक इतकं हुशार, की त्यावर चालेल असा खेळच कुणाला बनवता आला नाही.

"यांना बनवणारेही हेच म्हणायचे," उस्ताद म्हणाले.

श्रीनंदचं लक्ष त्या यंत्रांकडे नव्हतंच. फळीच्या टोकाला प्रतिस्पर्धी कंपनीचं एक नवंकोरं खोकं होतं. ते इथे कसं? म्हाताऱ्याला कुणी पाठवलं? मोबाइलही पालथा ठेवलाय. श्रीनंदने चहाचा कप उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. आपण आपल्या गुरूच्या चहाचा वास घेतोय, याची त्याला जराशी लाज वाटली. पण संशय काही हटेना.

"फितुरी झालीय," तो हळू आवाजात म्हणाला. "माणूसही सापडलंय. यशोदा घाटगे. डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या विभागाची मुख्य."

"यशोदा? तिला डाग द्यायला मीच शिकवलं. तुझ्यानंतर दोन वर्षांनी आली ती."

हेही श्रीनंदने मनात टिपून ठेवलं. म्हणजे म्हातारा तिच्या बाजूचा.

"पुरावा काय?" उस्तादांनी विचारलं.

"तिच्या खणात दोन लाकडी पट्ट्या सापडल्या. तपासणीच्या वेळी ती त्या यंत्राखाली सरकवायची. पट्ट्या असल्या की यंत्र दिवसभर चालायचं. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की तासाभरात बंद. खोट लपवायची युक्ती, दुसरं काय?"

"तिला विचारलंस?"

"चोराला काय विचारायचं?"

श्रीनंदने पिशवीतून एक पत्र काढून बाकड्यावर ठेवलं. उद्या ते मालकांपुढे जाणार होतं. त्यानंतर यशोदाची नोकरी जाणार आणि पोलिसांत तक्रार होणार. मालक उस्तादांचा शब्द मानत. तेवढी एक सही मिळाली की झालं.

"पत्र मग वाचू," उस्ताद म्हणाले. "यंत्र आणलंयस ना? काढ. एक डाव खेळू. डाव मधे न तुटता पुरा झाला, तर मी सही करतो."

"एवढंच?"

"एवढंच."

श्रीनंदला यातही काळंबेरं दिसलं. पण सही हवी होती. त्याने भिंगरी-दोन बाहेर काढली. देखणी होती यात वाद नाही. बोटभर जाडीची, ताटलीसारखी टेबलाला चिकटून बसणारी. पहिल्या भिंगरीला चार रबरी पाय होते, खालून हवा खेळावी म्हणून उस्तादांनी हट्टाने लावायला सांगितलेले. श्रीनंदने ते या खेपेला काढून टाकले होते. पायांमुळे यंत्र जात्यासारखं दिसतं, असं तो चारचौघांत सांगायचा.

त्याने वायरी जोडल्या. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला, यंत्राची मागची कड किंचित उचलली, मग बटण दाबलं.

खेळ पतंगांचा होता. दोघांचे पेच लागले. उस्तादांनी चार पतंग कापले, श्रीनंदने पाच. पाऊण तास गेला, तास गेला. श्रीनंदचे डोळे पडद्यावर कमी आणि यंत्रावर जास्त. पण भिंगरी एकदाही अडखळली नाही. शेवटचा पेच श्रीनंदने मारला.

"झाला डाव," तो म्हणाला. जिंकल्याचा खराखुरा आनंद त्याला बऱ्याच महिन्यांनी झाला होता. "करा सही."

उस्तादांनी चष्मा लावला. पत्र सावकाश वाचलं. पट्ट्यांपाशी थांबले. तो मजकूर पुन्हा वाचला. मग त्यांनी पत्र खाली ठेवलं, भिंगरीची मागची कड उचलली आणि खाली हात घातला.

पाण्याच्या बाटलीची दोन निळी बुचं निघाली.

त्यांनी ती पत्रावर शेजारी शेजारी ठेवली.

श्रीनंद बुचांकडे बघत राहिला. ती आपण कधी ठेवली, हे त्याला खरंच आठवेना... आणि मग आठवलं. घरच्या यंत्राखालीही अशीच दोन होती. ऑफिसच्या टेबलावरच्या यंत्राखालीही.

"कधीपासून?" उस्तादांनी विचारलं.

श्रीनंदने एक बूच उचललं आणि उलटं करून ठेवलं.

"श्रीनंदा."

"पहिल्या महिन्यापासून," तो म्हणाला. समोरचा चहा त्याने एका दमात पिऊन टाकला. थंड झाला होता.

बाहेर गल्लीत कुणीतरी सतारीच्या तारा जुळवत होतं.

श्रीनंदने पत्राकडे हात नेला. उस्तादांनी त्याच्या आधीच ते आपल्याकडे ओढलं आणि खिशातलं पेन काढलं.

"मी शब्द दिलाय. डाव पुरा झाला, सही करणार."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन श्रीनंदच्या हातात दिलं.

"आधी तेवढं नाव बदल."