न उचललेली ओळ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्या डोंगराखाली ती घडली तो डोंगर तेव्हा आजच्याहून थोडा उंच होता, एवढंच मला माहीत आहे. लहान असाल तर पुढे सरका, मोठे असाल तर मागे बसा, पण ऐका.

एका राज्यात त्या डोंगराखाली दरवर्षी जत्रा भरायची. जत्रेत एक दगडी चौथरा होता आणि त्या चौथऱ्यावर एकच गवई गायचा. त्याला ऐकायला सगळं राज्य लोटायचं. तिथे एक रीत होती. गवई आवडेनासा झाला तर कोणी ओरडत नसे, कोणी दगड मारत नसे. लोक मुकाट्याने पाठ फिरवून डोंगराकडे तोंड करून बसत. पाठी फिरल्या की गवयाने डफ खाली ठेवायचा आणि चौथरा उतरायचा. परत कधी चढायचं नाही.

भलेभले असे उतरले होते. एकाचा गळा तर मधासारखा गोड होता. पण तो दरवर्षी तीच सात गाणी, तशीच, त्याच ठिकाणी मान हलवत गायचा. आठव्या वर्षी त्याने डोळे उघडून पाहिलं तर समोर नुसत्या पाठी.

थोरला मात्र तीस वर्षं गात होता आणि त्याच्यासमोर एकही पाठ फिरली नव्हती.

थोरला म्हणजे दोन भावांतला थोरला. धाकटा त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्याने आणि वहिनीने धाकट्याला वाढवलं. त्याला आवाज फुटला तसं थोरल्याने त्याला आपल्या मागे उभं केलं, झीलकरी म्हणून.

झीलकरी म्हणजे काय ते सांगतो. पुढचा गवई ओळ म्हणतो आणि तिचं शेपूट मोकळं सोडतो. डावीकडे एक पाऊल मागे उभा असलेला झीलकरी ते शेपूट उचलतो आणि वर नेतो, पार डोंगराच्या माथ्यापर्यंत. मग टाळ्या पडतात. टाळ्या पडतात पुढच्याला.

आता सांगा, जिवाची आग होणार नाही का?

धाकट्याच्या जिवाची व्हायची. कारण थोरल्याचा गळा आता थकला होता. दरवर्षी तो गाणं थोडं खालून सुरू करायचा. पूर्वी ज्या ओळी तो चढून गायचा त्या आता बोलल्यासारख्या म्हणायचा, आणि वरच्या जागा धाकट्याकडे सोडायचा. एका वर्षी एक सोडली, पुढच्या वर्षी तीन. होता होता गाण्यातली निम्मी चढण धाकटाच चढू लागला. तरी लोक म्हणत, ‘थोरला काय गायला!’

जत्रेत एक म्हातारी फुटाणे विकायची. पहिल्या रांगेत तिची टोपली ठरलेली. धाकट्याने तिला गाठलं.

“आजी, खरं सांग. दादाचा आवाज आता कसा वाटतो?”

“फाटक्या पखालीसारखा,” म्हातारी म्हणाली. “सगळीकडून गळतो.”

धाकट्याला आतून गुदगुल्या झाल्या. “आणि माझा?”

“तुझा घंटेसारखा. लख्ख.”

“मग दरवर्षी त्यालाच कशाला डोक्यावर घेता?”

म्हातारीने सूप झटकलं. “पखालीतलं पाणी पिता येतं रे बाबा. घंटा पिता येत नाही. घे, फुटाणे घे, गरम आहेत.”

धाकटा फुटाणे न घेताच निघून गेला. त्याला वाटलं, दादाकडे काहीतरी गुपित आहे. नाहीतर गळा गेलेल्या माणसाला कोण विचारतं?

फळीवर थोरल्याची एक बाटली असायची. काळी, उग्र वासाची. हेच ते, असं म्हणून धाकट्याने एका दमात अर्धी बाटली घशात ओतली. तीन दिवस तो परसातून घरात आलाच नाही.

“भाऊजी,” वहिनी हसू दाबत म्हणाली, “ते तुमच्या दादांच्या गुडघ्यांना चोळायचं तेल आहे.”

जत्रा संपली की थोरला दरवर्षी महिनाभर गावोगाव जायचा. डफ घरी ठेवून, नुसती काठी घेऊन. त्या वर्षी धाकटा लपूनछपून त्याच्या मागे गेला. कोणत्या साधूला भेटतो, कोणती मुळी खातो, ते पाहायला.

थोरला एका गावाच्या विहिरीवर जाऊन बसला. तिथे पोरी फुगड्या घालत होत्या आणि नवीनच कसलंतरी गाणं म्हणत होत्या.

“ती ओळ परत म्हण की ताई,” थोरला म्हणाला. “माझ्या कानाला म्हातारपण आलंय.”

पोरींनी परत म्हटली. थोरल्याने टाळी धरली. एक दहा वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून पुढे आली. “आजोबा, तुम्हाला ताल कळत नाही!”

“खरंय,” थोरला म्हणाला. “शिकव.”

राज्याचा गवई! आणि ती शेंबडी पोर त्याचे हात धरून टाळ्या शिकवत होती! झाडामागे धाकट्याचे कान तापले. त्याला राहवलं नाही. तो तडक पुढे आला.

“दादा, लाज नाही वाटत? पोरीबाळींच्या चाली चोरतोस?”

“चोरीन कशाला? चौथऱ्यावर गावाचं नाव घेऊन गातो. ते गाव मग जत्रेत कसं उड्या मारतं, पाहिलं नाहीस?” थोरला हसला. “आणि लाज वाटते ना. पहिल्या दिवशी फार वाटते. तिसऱ्या दिवशी चाल येते, मग लाज विसरतो.”

“आणि वरच्या ओळी मला का देतोस?”

“मला पेलत नाहीत म्हणून.”

उत्तर सरळ होतं. धाकट्याला ते काट्यासारखं टोचलं. हा माझ्या खांद्यावर बसून डोंगर बघतो, आणि वर कबूलही करतो! त्या दिवसापासून त्याला दादाचं काहीच सहन होईना. दादाचं खोकणं, दादाचं जेवताना गुणगुणणं, रस्त्याने जाताना दादाला होणारे रामराम. प्रत्येक रामराम आपल्या खिशातून काढून कोणी दादाला देतंय, असं त्याला वाटायचं.

मग त्याच्या डोक्यात ते आलं.

जत्रेत शेवटी एक नवं गाणं व्हायचं. ते झीलकऱ्याने आधी ऐकायचं नसे. चौथऱ्यावरच ऐकायचं आणि तिथल्या तिथे उचलायचं, त्यातच त्याची हुशारी. धाकट्याने ठरवलं, नव्या गाण्यात पहिली वरची जागा आली की तोंड मिटायचं. चढू दे दादाला एकट्याला. घसरेल. पाठी फिरतील. मग लोकांना कळेल इतकी वर्षं डोंगर कोण चढत होतं.

जत्रेच्या सकाळी थोरल्याने स्वतःच्या हाताने धाकट्याला फेटा बांधला.

“आज नीट ऐक हां. नवं गाणं जरा वेगळं आहे.”

“दरवर्षीच वेगळं असतं.”

“तरी ऐक.”

वहिनी बरोबर निघाली. तिच्या काखेत एक गाठोडं होतं. धाकट्याने विचारलं नाही त्यात काय आहे.

दुपार उतरली. जुनी गाणी झाली, विहिरीवरच्या पोरींची चाल झाली, ते गाव उड्या मारून झालं. मग थोरल्याने डफावर थाप टाकली आणि नवं गाणं धरलं:

“अर्धा डोंगर चढून आलो, शक्ती सरली पायांची,
हा मी बसतो दगडावरती, पुढची वाट धाकट्याची...”

आणि शेपूट सोडून दिलं.

धाकट्याने तोंड मिटलं. तो ऐकतच नव्हता. तो समोर पाठी शोधत होता. कोण फिरतंय? ती म्हातारी फिरली का? तिच्या मागचा पागोटेवाला?

डफ वाजत राहिला. थोरल्याने मान वळवली, धाकट्याकडे पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, फक्त त्याला म्हटल्यासारखी. “पुढची वाट धाकट्याची.”

आता शब्द कानात शिरले. धाकट्याचं तोंड उघडलं, पण लाजेने सूर निघेना. 

तिसऱ्या वेळी थोरल्याने ती ओळ स्वतःच वर नेली. आवाज अर्ध्यावर गेला आणि जुन्या धोतरासारखा टरकन फाटला.

धाकट्याने पाहिलं. एकही पाठ फिरली नव्हती. लोक उठून चौथऱ्याजवळ आले होते. म्हातारीने टोपली खाली ठेवली होती आणि ती पदराने डोळे पुसत होती.

थोरला खोकला, हसला आणि लोकांना म्हणाला, “धाकट्याचा घसा बसलाय. सकाळी दोन तांबे थंड ताक प्यायला. वेंधळा आहे, माझ्यावर गेलाय.”

लोक हसले. गाणं तिथेच थांबलं. गाठोडं सुटलंच नाही.

ते घरी आल्यावर सुटलं. आत नवाकोरा लाल फेटा होता.

“हा तुमचा होता, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “आज डफ तुमच्या हातात द्यायचा त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, नुसता द्या की. तर म्हणाले, नुसता दिला तर लोक म्हणतील भाऊ म्हणून दिला. त्याने ती ओळ वर नेली, की लोकच ओरडतील, दे, दे.”

धाकट्याला सांगायचं होतं. ‘दादा, मी मुद्दाम गप्प बसलो.’ पाच शब्द. उद्या सांगतो, असं त्याने ठरवलं. उद्या थोरल्याला ताप आला. परवा वाचा गेली. धाकटा अंथरुणाजवळ बसायचा, पाणी पाजायचा, पाय चेपायचा आणि म्हणायचा, जरा उतार पडू दे, मग सांगतो.

अकराव्या दिवशी थोरला गेला. बस, गेला. गोष्टीत एका शब्दात सांगता येतं. धाकट्याला त्या घरात रोज उठून राहावं लागलं.

पुढच्या जत्रेला लोकांनी आपण होऊन डफ धाकट्याच्या हातात दिला. लाल फेटा बांधून तो चौथऱ्यावर चढला. मागे झीलकरी ठेवलाच नाही. माझ्यासारखा कोणी मागे उभा राहिला तर? या भीतीने नाही ठेवला. सगळ्या ओळी त्यानेच म्हटल्या, सगळ्या उंच, सगळ्या लख्ख. असा गळा त्या राज्यात कोणी ऐकला नव्हता.

तिसऱ्या गाण्याला फुटाणेवाल्या म्हातारीने पाठ फिरवली. मग तिच्या शेजारणीने. मग रांगच्या रांग.

धाकट्याने डफ ठेवला, खाली उतरला आणि म्हातारीसमोर जाऊन उभा राहिला. “आजी, कुठे चुकलो?”

“चुकला नाहीस रे लेकरा. मान अवघडली वर बघून बघून.” तिने त्याच्या हातावर फुटाणे ठेवले. “तुझ्या दादाच्या गाण्यात आम्हाला बसायला जागा होती. पोरींना होती. तुला होती. तुझ्या गाण्यात तूच मावतोस.”

या वेळी धाकट्याने फुटाणे घेतले.

डफ वहिनीकडे देऊन, थोरल्याची काठी घेऊन तो निघाला. गावोगाव विहिरींवर बसला. पोरी हसल्या, तालात चुकला म्हणून त्यांनी त्याच्या हातावर चापट्या मारल्या. पहिल्या दिवशी फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी विसरला. आणि ज्या ज्या गावी गेला तिथे त्याला दादाचं ते शेवटचं गाणं ऐकू आलं. जात्यावर, मोटेवर, पाळण्यापाशी. सगळीकडे लोक ते अर्ध्यावर सोडून द्यायचे. वरची जागा कोणाला माहीतच नव्हती. ती कधी गायलीच गेली नव्हती.

त्यापुढच्या जत्रेत चौथरा रिकामा होता. धाकट्याला परत चढता येत नव्हतं आणि दुसरा कोणी चढायला धजत नव्हता. लोक जमले, बसले, एकमेकांकडे पाहू लागले.

मग धाकटा गर्दीतून पुढे आला. तो चौथऱ्यावर चढला नाही. खाली मातीतच, डावीकडे, एक पाऊल मागे उभा राहिला. झीलकऱ्याच्या जागेवर. पुढची जागा त्याने मोकळी सोडली. कानावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

पहिल्यांदा म्हातारीने तोंड उघडलं. मग विहिरीवरच्या पोरींनी. मग सगळ्या जत्रेने. “हा मी बसतो दगडावरती, पुढची वाट धाकट्याची...”

आणि शेपूट सोडून दिलं.

धाकट्याने ओळ उचलली. दोन वर्षं उशिरा, पण पार माथ्यापर्यंत नेली. एकही पाठ फिरली नाही, आणि त्याला टाळ्या ऐकूही आल्या नाहीत. तो मोकळ्या जागेकडे पाहत होता.

घरी जाताना एवढं बरोबर न्या: जो आपल्या गाण्यात दुसऱ्याला जागा ठेवतो त्याचं गाणं म्हातारं होत नाही, आणि जो मत्सराने तोंड मिटतो तो आधी स्वतःचीच ओळ गिळतो.