म्हशीला बंदी

तळ्यांनाही राजे असत, त्या काळची गोष्ट. एका शेततळ्याचा राजा होता बगळा. पाणी गढूळ होतं म्हणून त्याने म्हशीला बंदी केली. तिने तुडवून घट्ट ठेवलेला तळाचा चिखल सैल पडला आणि तळं गळू लागलं. बेडकीची पिल्लं उघडी पडायची वेळ आली.

“महाराज, गळती थांबवा!” बेडकी म्हणाली.

“चौकशी चालू आहे,” उथळ पाण्यातला मासा गिळत बगळा म्हणाला.

बेडकी भडकली. तडक गोठ्यात गेली. “भुरीमावशी, चल लोळायला!”

“अगं, बंदी आहे ना?”

“चुलीत गेली बंदी!”

म्हैस तळ्यात मनसोक्त लोळली, चिखल तुडवत राहिली. तळ लिंपला गेला, गळती थांबली. पिल्लं गढूळ पाण्यात सुळसुळू लागली.

“अरे, मला एकही मासा दिसत नाही!” बगळा ओरडला.

“अस्सं! म्हणून होय बंदी?” बेडकी म्हणाली, आणि अख्खं तळं खदखदून हसलं.