डोहाची ओटी

एका गावात एक कोळीण होती. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती.

गावच्या नदीत एक डोह होता. उन्हाळ्यात नदी आटली की मासे त्या डोहात जमायचे आणि पावसाळ्यात तिथूनच पुन्हा नदीभर पसरायचे. म्हणून त्या डोहात जाळं टाकायचं नाही, असा जुना रिवाज होता. चैत्रात डोहाची जत्रा भरायची. घरटी एक पाटी गाळ उपसायचा, माशांना मूठभर भात टाकायचा आणि हात जोडायचे. झाली जत्रा.

पुढे गावाला बरे दिवस आले. चिखलात उतरायची लोकांना लाज वाटू लागली. पाट्या माळ्यावर गेल्या, ढोलताशे आले, डोहात पोत्यांनी गुलाल पडू लागला. आणि याला म्हणे भक्ती.

एका वर्षी पाटील म्हणाला, "शेजारच्या गावानं तोंडात बोट घातलं पायजे. यंदा डोहाला दुधाचा अभिषेक करायचा."

"पाटील, माशाला कुणी दूध पाजतं व्हय?" कोळीण म्हणाली. "आधीच पाणी आटून कमरेला आलंय. ते नासलं तर मासं जातील कुठं?"

"मावशे, भक्तीतलं तुला काय कळतंय? चांगल्या कामात खोडा घालू नगंस."

लोक हसले. घागरींवर घागरी रित्या झाल्या. त्या दिवशी घरोघरची पोरं दुधाविना झोपली, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन-तीन दिवसांत डोहाला घाण सुटली. मासे पोट वर करून तरंगू लागले. पावसाळ्यात नदीत जाळं टाकावं, तर आता बोटभर मासाही मिळणार नव्हता. कोळीण काठावर बसून राहिली.

पाटील नाकाला उपरणं लावून आला. "देवाचा कोप झाला," तो म्हणाला. "मोठी पूजा घालाया लागंल."

कोळिणीचं डोकं फिरलं. "देवाला मधी वढू नका. त्यानं न्हाई मारलं, आपण मारलं. वाजतगाजत मारलं."

कोणाला वर बघवेना. तिनं घरून पाटी आणली, पदर खोचला आणि त्या घाणीत उतरली. थोड्या वेळानं पाटलीणबाई माळ्यावरची पाटी घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे न बघता पाण्यात शिरल्या. मग बाकीच्यांना काठावर उभं राहणं जड झालं. पाऊस येईतो सगळा गाव गाळ उपसत होता.

"पण मासं कुठून आणायचं?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"बाईची ओटी माहेरचं भरत्यात," कोळीण म्हणाली. "तशी आपण डोहाची भरू. जिचं माहेर नदीकाठी, तिनं तिथनं जित्ता मासा आणायचा."

नदी वाहती झाली तशा गावच्या सुना माहेराहून कळशा घेऊन आल्या. तोंडाला ओलं फडकं, आत वळवळणारे मासे. एकीनं सवयीनं हळदकुंकू पाण्यात टाकायला काढलं. कोळिणीनं तिचा हात धरला. "ते कपाळाला लाव, बाय. पाण्यात नगं."

पुढच्या चैत्रात डोहात पुन्हा पिल्लं फिरत होती. पाटील जत्रेला आला, तो दुधाचा तांब्या घेऊनच. कोळिणीनं तो काढून घेतला, दूध पोरांत वाटलं आणि पाटलाच्या हातात पाटी दिली.

"अभिषेक करायचाय नव्हं? उतरा खाली."

पाटलानं धोतर वर खोचलं आणि तो चिखलात उतरला.

तात्पर्य: ज्याला हात जोडायचे, त्याला काय हवं ते आधी बघावं, आपल्याला काय मिरवायचं ते घरी ठेवावं.