अमकी कुठे आहे

त्या रानात विसरणे सगळ्यांना येत होते. लक्षात ठेवणे एकट्या कासवाला. कुणाचा, कशाचा ठावठिकाणा हवा असेल, तर त्याच्या गुहेत जाऊन विचारायचे. आतला बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याने जायचे नाही. दाराशी बसलेली साळुंकी आतला प्रश्न ऐकून बाहेर सांगे, पण नाव गिळून. ही रीत पहारेकरी साळिंदराने घातली, त्याची लेक रेवा गेली त्या उन्हाळ्यात. रानाला ती सभ्यता वाटली.

एके दिवशी रांग हलेना. साळिंदर पहाऱ्यावर येण्याआधीच कुणीतरी आत गेले होते, ते सूर्य माथ्यावर आला तरी बाहेर येईना. टिटवी रडकुंडीला आली. "नदी चढतेय हो दादा! अंडी वाहून जातील. उंचावरची जागा तेवढी विचारायचीय."

"आत काय चाललंय?" साळिंदराने विचारले.

"अमकी कुठे आहे, विचारतायत," साळुंकी म्हणाली. "परत परत तेच."

"अमकी म्हणजे कोण?"

"नको दादा."

"अगं, नावाशिवाय अडलंय कुठे ते कळणार कसं?"

"काटे काय नुसते शोभेला ठेवलेत?" मागून कोल्हा ओरडला. रांग हसली.

साळिंदराने काटे उभारले. "नाव सांग!"

साळुंकीने मान खाली घातली. "रेवा. रेवा कुठे आहे, विचारतायत."

हसणे थांबले. आत कोण आहे, हे आता सांगावे लागले नाही. हे नाव घरात काढायचे नाही, असे त्याने बायकोला बजावले होते. ती ते इथे येऊन काढत होती. कासव आठवणींच्या तळापर्यंत शोधत होते. रेवाची पहिली पावले सापडत, तिने उकरलेले कंद सापडत. मरण सापडत नव्हते. ते बापाने येऊन कळवायचे असते. तो रोज दारात उभा राहिला आणि आत कधी गेला नाही. म्हणून कासव म्हणे, "थांब, असेल," आणि पुन्हा पहिल्यापासून शोधू लागे.

दार अरुंद होते. उभारलेल्या काट्यांनी त्यातून जाता येत नव्हते. साऱ्या रांगेदेखत त्याने ते अंगाशी मिटवले, आणि तो किती लहान होता ते सगळ्यांना दिसले.

बऱ्याच वेळाने साळुंकी म्हणाली, "रेवा गेली, असं तिचे बाबा सांगतायत."

रांगेने तोंडे खडकाकडे फिरवली. दोघे बाहेर आले, तेव्हा टिटवीनेही वर पाहिले नाही. खाली मान घालून ती त्यांच्या शेजारून आत पळाली.